मणक्यावर हात ठेवण्याआधी

नागपूरच्या महाल भागातल्या एका घरात रविवारचा चहा झाला होता. मामाजी खुर्ची सोडून भिंतीला टेकून उभे होते, सदऱ्यावर कमरेचा पट्टा. अठ्ठावीस वर्षं त्यांनी गणेशपेठहून गडचिरोली-चंद्रपूरकडे एसटी चालवली. समोर बसलेली भाची फिजिओथेरपिस्ट.

"तीन महिने झाले, कंबर दुखूनच राहिली," मामाजी म्हणाले. "उद्या कायरोप्रॅक्टरकडे जातो, हातानं मणक्याला झटका देते तो. मोबाइलवर पाह्यलं ना, एक कडकड आवाज होते अन् माणूस उठून चालते."

"तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, मामाजी. सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी होते, त्याचा असतो. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं बोटं मोडतानाचा एमआरआय काढून ती पोकळी दाखवली."

"म्हणजे आराम पडते तो खोटा?"

या प्रश्नाला तिनं सोपं उत्तर दिलं नाही, हे तिचं मोठेपण. आराम खरा असू शकतो, ती म्हणाली. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन केलं, त्यात व्यायामाबरोबर मणक्यांवर हातानं करायच्या उपचारांनाही जागा आहे. कमरेचा पट्टा मात्र सरसकट वापरू नये, असं त्यातच म्हटलंय. मामाजींचा हात आपोआप पट्ट्याकडे गेला.

"आराम खरा असला तर मागचं शास्त्र चुकलं का बरोबर, मला काय करायचं? इंजिनाचं सगळं न समजता मी गाडी हाकललीच ना!"

"तुम्ही हाकलली. पण डेपोतल्या मेकॅनिकला ब्रेक समजत नसते, तर नेली असती?"

मामाजी गप्प. मग तिनं कायरोप्रॅक्टिक जिथून सुरू झालं, ती 1895 सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचा चुंबकीय उपचार करणारा माणूस होता. हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका त्यानं दाबला आणि लिलार्डला पुन्हा ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. ऐकण्याची नस तर कवटीच्या आतच असते, पाठीतून जातच नाही. तरी पामरनं पुढे शंभरातले पंच्याण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असं मांडलं.

"पामर चुकला म्हणून आजचाही चुकते का?"

"तसं नाही." ब्रिटनमध्ये 1994 च्या कायद्यानं कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी परिषद आहे. महाराष्ट्रात फिजिओथेरपीला राज्य परिषद आहे. कायरोप्रॅक्टरांसाठी मात्र भारतात तशी वैधानिक परिषद नाही. म्हणून परीक्षा रुग्णालाच घ्यावी लागते, आणि ती, कायरोप्रॅक्टर झटका किती सफाईनं देतो, याची नव्हे. कुणाच्या पाठीला झटका द्यायचा नाही, हे त्याला कळतं का, याची. मणक्याला क्षयानं पोखरलं असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, तर जोराचा झटका घात करतो. आपल्या विदर्भात तर सिकलसेलच्या रुग्णालाही कमरेत, पाठीत असह्य कळा येतात; त्याही आधी ओळखता यायला हव्यात. मानेच्या झटक्यानं क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटते, त्यामुळे पक्षाघात होऊ शकतो.

"अन् डॉक्टरनं काय केलं?" मामाजींचा आवाज चढला. "चार मिनिटं एमआरआय पाह्यला. मणक्यातली गादी सरकली म्हणे. माझ्या कमरेला बोटही नाही लावलं. तिथं कोणी हात तरी लावेल."

भाचीचे डोळे खाली गेले. तक्रार रास्त होती. 1994 मध्ये अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा होता. फिल्ममध्ये दिसणारी गादी आणि दुखणारा माणूस नेहमी एकच नसतात. अंगाला हात लावून तपासण्याची भूक ज्या दवाखान्यात भागत नाही, तिथून माणूस दुसरीकडे जाणारच.

तिनं चटई अंथरली. "झोपा." एकेक पाय सरळ वर उचलला, अंगठ्यात जोर आहे का पाहिलं. लघवी अडते का, मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का, रात्री ताप येतो का, वजन घटलं का, विचारत गेली. सगळ्यांचं उत्तर नाही.

"हे आजपर्यंत कोणी केलंच नाही," मामाजी चटईवरूनच म्हणाले. मग कुशीवर वळून, हाताचा टेकू घेत उठले आणि फोन लावला.

"उद्याची अपॉइंटमेंट आहे माझी. पाठीले हात लावायच्या आधी तुम्ही काय काय तपासता, तेवढं सांगा."

पलीकडून थांबायला सांगितलं. मामाजी फोन कानाला धरून थांबले.