आत्याआजीचे आलवण

गोधडी शिवणे ही आता हौसेची गोष्ट झाली आहे. पूर्वी ती गरज होती. जीर्ण नऊवारी अंथरायची, मध्ये फाटक्या धोतरांचे, परकरांचे थर घालायचे आणि धावदोरा घालीत बसायचे. यंदा दिवाळीच्या निमित्ताने आमच्या सूनबाईंनी अशी एक गोधडी आरंभिली आहे. बेत मोठा गोड : घराण्यातल्या प्रत्येक स्त्रीच्या वस्त्राचा एक तुकडा तीत यावा. कारण आमच्या वंशवृक्षात सात पिढ्यांचे पुरुष आहेत. बायका थोड्या, आणि त्याही सासरच्या नावाने. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले, की माहेरचे मिटलेच. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून ठेवली, म्हणून मनकर्णिका गोखले घरोघर ठाऊक. ज्यांनी लिहिले नाही त्यांची लुगडी तेवढी उरली.

आजीचे इरकली निघाले, आईचे महेश्वरी निघाले. आणि ट्रंकेच्या तळाशी आलवण निघाले. नव्या वाचकांना सांगायला हवे : केशवपन केलेल्या विधवेने नेसायचे ते तांबडे, बिनकाठाचे लुगडे. वडिलांच्या आत्याचे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला, आणि त्यानंतर वीसेक वर्षांनी आमच्या घरी अकरा वर्षांच्या मुलीसाठी न्हावी बोलावण्यात आला!

चिरंजीव म्हणाले, “सणाच्या वस्तूत हे कशाला?” सूनबाई म्हणाल्या, “गौरव करायचा तर सगळ्यांचा.” मी सूनबाईंच्या बाजूचा. रंगीत तेवढे निवडून केलेला गौरव म्हणजे पुन्हा तोच वंशवृक्ष, फक्त कापडाचा. आणखी एक गोष्ट मला आठवत होती. घरातल्या प्रत्येक तान्ह्या बाळाची दुपटी आत्याआजीच शिवी. पण तिच्या लुगड्याची चिंधीसुद्धा त्यात चालत नसे. अशुभ म्हणून. तेव्हा आता तरी तो तुकडा मधोमध लागावा, असे मी जरा आवाज चढवूनच बोललो. (म्हातारपणी न्यायबुद्धी जागी होते; तिला खर्च नसतो.)

नात ऐकत होती. तिने विचारले, “पण आजोबा, तिला हा रंग आवडायचा का?”

मी गप्प झालो. तिला कोणता रंग आवडतो हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलेच नव्हते. इतर तुकडे त्या त्या बाईने हौसेने नेसलेल्या लुगड्यांचे होते. हे हिच्यावर लादलेले. ते दर्शनी लावावे, तर जी खूण जन्मभर अंगावर वागवली तीच मरणानंतरही तिच्या नावावर चिकटते. आतल्या थरात घालावे, तर तिला पुन्हा माजघरात कोंडल्यासारखे. आणि वगळावे, तर घराने केलेला अपराध कपाटाआड जातो. आपल्याला स्मरण कोणाचे करायचे असते, त्या माणसाचे की आपण त्याला जे केले त्याचे?

शेवटी सूनबाईंनी माझे जुने दुपटे शोधून काढले. कापड विरले आहे; टाके मात्र तांदळाच्या दाण्याएवढे, एका रेषेत, शाबूत. तो चौकोन टाक्यांसकट मधोमध बसवला आहे. तो तिच्या हातचा, एवढे निश्चित.

आलवण मी पुन्हा ट्रंकेत ठेवले. घडीत एक चिठ्ठी घालायची आहे : ते कोणाचे, कोणी नेसायला लावले. पहिली ओळ लिहिली, आणि अडलो. आत्याआजीचे माहेरचे नाव मला आठवेना. तिचे माहेर म्हणजे हेच घर.