सुरी दिसत नाही तेव्हा

अथेन्सच्या कुंभारांनी इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांत रंगवलेल्या भांड्यांवर पशुबळीची चित्रं जागोजागी भेटतात. मिरवणुकीतला बैल, डोक्यावर परडी घेतलेली मुलगी, वेदीवरचा जाळ, लांब सळईवर काळीज भाजणारा पोरगा. सुरी गळ्यावरून फिरते तो क्षण मात्र क्वचितच सापडतो. इटलीतल्या व्हितेर्बोच्या अ‍ॅम्फोरावर, म्हणजे दोन कानांच्या उंच भांड्यावर, तो आहे: माणसांनी बैल खांद्यावर उचललाय, एकजण गळा चिरतोय, रक्त भांड्यात धरलंय. पण असे अपवाद थोडेच.

ग्रीक धर्माचे अभ्यासक वाल्टर बुर्कर्ट यांनी १९७२ साली मांडलं की बळीच्या विधीमागे मारणाऱ्याची अपराधी भावना असते. परडीतल्या जवाखाली सुरी लपवतात ती म्हणूनच. मग चित्रकारानेही नजर वळवली असेल, असं म्हणणं ओघानेच येतं. मला ते पटत नाही. याच चित्रांत वेदीच्या बाजूवर रक्ताचे ओघळ मुद्दाम रंगवलेले असतात, कुणी ते पुसलेले नाहीत. आणि ब्रिटिश म्युझियममधल्या, साधारण इ. स. पूर्व ५७०-५५० च्या अ‍ॅम्फोरावर ट्रॉयची राजकन्या पॉलिक्सेना हिचा बळी पाहा. योद्ध्यांनी तिला जनावरासारखी आडवी धरलीय, ग्रीक योद्धा निओप्टोलेमस तिच्या गळ्यात तलवार खुपसतोय आणि रक्ताची धार उसळतेय. रक्ताचं वावडं असणारा हात हे काढणार नाही.

चित्रकाराचं लक्ष खरं रेंगाळतं ते वेदीवरच्या शेपटीपाशी. बैलाचं कमरेखालचं त्रिकास्थी हाड शेपटीसकट जाळात ठेवत; तापली की शेपूट वर वळते, आणि ती नीट वळली तर देवाने बळी स्वीकारला असं समजत. ही कमान कितीतरी भांड्यांवर बारकाईने काढलेली आहे. अलीकडे अभ्यासकांनी बैलाच्या शेपट्या जाळून पाहिल्या, तेव्हा त्या खरोखरच तशा वळल्या. म्हणजे देव प्रसन्न झाला का, याची त्या चित्रकारांना उत्सुकता होती.

अपराधी भावनेचा सिद्धान्त आपल्याला आवडतो, कारण त्यात जनावराच्या मरणाची कुणाला तरी टोचणी असते. भांडी पाहताना मला वाटतं, तशी टोचणी बहुधा नव्हतीच. राजकन्येचा वध हा अघोर प्रसंग होता, म्हणून तो रंगवला. बैलाचं मरण हे मिरवणूक आणि जेवण यांच्यामधलं एक काम होतं, आणि ते काढावं असं फार थोड्यांना वाटलं.