गाडी थांबते, उतरतं कोण?

कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एक काकू राहायची. घरचा तांदूळ, तांदळाच्या फेण्या, पावसाच्या तोंडावर शेवळं आणि पुढे कंटोळी, असा माल ती कर्जतच्या बाजारात नेऊन विकायची. पुतण्या डोंबिवलीत नोकरीला होता. त्याने हौसेने कर्जत-खालापूर भागावर मराठी पॉडकास्ट सुरू केला होता आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तो काकूच्या मालाची माहिती द्यायचा.

एके वर्षी काकूच्या बचत गटाला बँकेचं कर्ज मंजूर झालं. आपल्या वाट्याचा पैसा कुठे घालायचा हे ठरवायला तिने पुतण्याला बोलावून घेतलं. तो उत्तर घेऊनच आला.

“काकू, धबधब्यांवरचा भाग तांदळाच्या भागापेक्षा कितीतरी पट जास्त डाऊनलोड झालाय. लोकांना काय हवंय ते उघड आहे. अंगणात पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधू.”

काकू सुपात तांदूळ पाखडत होती. “डाऊनलोड झाला म्हणजे माणसाने ऐकला का रे?”

“ऐकलाच असणार की!”

“असणार? पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला का थांबतात? घाट चढायला मागून बँकर इंजिन जोडायचं असतं म्हणून. तेवढ्यात फलाटावर वडापावला झुंबड उडते. ती सगळी माणसं काय कर्जतला आलेली असतात? आपल्याला उतरणारा माणूस पाहिजे. तुझ्या त्या गर्दीत उतरणारे किती, ते बघ आधी.”

पुतण्या गप्प झाला. त्या रात्री त्याने आकडे पहिल्यांदाच नीट उघडून पाहिले. डाऊनलोड म्हणजे फाइल फोनवर पोचली, एवढंच. फोन ती आपोआपही उतरवून ठेवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनची आयओएस १७ ही नवी प्रणाली आली, तेव्हा भाग आपोआप उतरवणं ॲपलने आवरतं घेतलं. जगभरातल्या कित्येक पॉडकास्टचे डाऊनलोड त्यामुळे घसरले, पण खरा श्रोता होता तिथेच होता. स्पॉटिफायच्या ‘स्ट्रीम’च्या आकड्यात किमान ६० सेकंद ऐकलेलंच धरलं जातं. ॲपल तर २० मिनिटं किंवा भागाचा ४० टक्के हिस्सा ऐकणाऱ्यालाच मन लावून ऐकणारा मानतं.

या मापाने पाहिल्यावर चित्र पालटलं. धबधब्यांच्या भागात जायचा रस्ता सांगून होताच आलेख धाडकन खाली आला होता. तांदळाच्या भागाला श्रोते थोडे होते, पण बहुतेक जण शेवटपर्यंत टिकले होते. यूट्यूबवर तर त्या भागाच्या आलेखाला मध्येच उंचवटा आला होता. लोक मागे जाऊन तेवढाच तुकडा पुन्हा ऐकत होते. त्या तुकड्यात काकू सांगत होती, “नव्या तांदळाला पाणी बेताने घालायचं. जुन्याला घालता तेवढं ओतलंत तर भाताचा गिचका होतो.”

सकाळी पुतण्या उत्साहाने म्हणाला, “काकू, तूच बरोबर होतीस! तांदूळच विकायचा. दहा किलोच्या पिशव्या छापून घेतो, हजारभर.”

“काल खोल्या, आज पिशव्या! अरे, ऐकणारा विकतही घेईल हे कोणी सांगितलं तुला? पावसात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघाले की खोल्या ओस पडतील, तसाच तांदूळ खपला नाही तर त्याला पोरकिडा लागेल. आधी थोडक्यात करून बघ.”

दिवाळीनंतर नवा तांदूळ भरडून आला. पुतण्याने पॉडकास्टमध्ये सांगितलं, इथे ऐकून मागवणाऱ्याने फोनवर ‘पेज’ एवढा शब्द सांगावा. म्हणजे गिऱ्हाईक कुठून आलं ते कळणार होतं. चतुर्थीला काही पिशव्या त्याने महडला वरदविनायकाच्या दर्शनाच्या गर्दीतही ठेवून पाहिल्या. तिथे लोकांनी पिशवी हातात घेतली, वास घेतला आणि परत ठेवली. दर्शनाला आलेला माणूस दहा किलोचं ओझं कशाला उचलेल? ‘पेज’ म्हणून फोन करणारे मोजकेच निघाले, पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढच्या महिन्यात पुन्हा फोन केला.

काकूने पुतण्याकडून त्या प्रत्येकाला फोन करवला. ठाण्यातल्या एका आजींचं माहेर खालापूरचं होतं. त्या म्हणाल्या, “घर दोन खोल्यांचं. दहा किलो ठेवू कुठे? दोन किलो द्या, दर महिन्याला द्या. आणि पाणी किती घालायचं ते पिशवीवर लिहा, सुनेला उपयोगी पडेल.” कुठल्याच आलेखात न दिसलेली गोष्ट एका फोनने कळली.

काकूने वजनकाटा आणि पिशवीचं तोंड बंद करायचं छोटं मशीन घेतलं. दोन किलोच्या पिशव्या केल्या आणि प्रत्येकीत कापणीचा महिना नि पाण्याचं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी टाकली. उरलेलं कर्ज तिने उचललंच नाही. खर्च दोन हंगामांत निघाला आणि व्याजाचा मोठा बोजा अंगावर बसला नाही.

तात्पर्य: मोठा आकडा म्हणजे मोठं गिऱ्हाईक नव्हे. कुठे विचारायचं ते आकडा दाखवतो. माणूस का घेतो आणि का घेत नाही, ते त्या माणसालाच विचारावं लागतं. तुमचा धंदा फेण्यांचा असो, रोपवाटिकेचा असो की खाणावळीचा, घरचा पैसा किंवा कर्ज घालण्याआधी तीन गोष्टी पाहा: शेवटपर्यंत कोण टिकलं, पैसे कोणी मोजले आणि पुन्हा कोण आलं. या तिन्हींची उत्तरं हातात येईपर्यंत खर्च लहान ठेवा.