शिट्टी कुणाच्या हाती?

पारगाव म्हटलं की आमच्या भागात आधी विचारावं लागतं: आंबेगावातलं, कारखान्याचं, की जुन्नरातलं? यात्रेच्या आखाड्याच्या कडेची तक्रार मात्र तिन्हीकडे एकच. ‘पंच स्वतः लंगोट लावून मातीत उतरलेला असता, तर असा निकाल दिला नसता.’ माझ्या एका जुन्या पैलवान मित्राने हे मला ऐकवलं, तेव्हा कुस्ती अजून सुटायची होती. निकालाआधीच पंचावर निकाल!

पंच खेळलेला असावा, ही मागणी वाजवी वाटते. क्रिकेटमध्ये वेंकटराघवन 57 कसोटी खेळले आणि पुढे 73 कसोटींत पंच म्हणून उभे राहिले. पण 2004 ते 2008 सलग पाच वर्षं सर्वोत्तम पंच ठरलेला सायमन टॉफेल प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नव्हता. आपल्या पिलू रिपोर्टरना खेळाडू म्हणून कोण ओळखत होतं? तरी 1986 साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत त्रयस्थ पंच म्हणून त्यांनाच बोलावलं. उलट कुमार धर्मसेना 1996 ची विश्वचषक अंतिम लढत खेळून जिंकलेला. 2019 च्या अंतिम सामन्यात पंच म्हणून त्याने ओव्हरथ्रोच्या पाच धावांच्या जागी सहा दिल्या.

मला वाटतं, नजरा दोन असतात. खेळाडूची नजर पुढे धावते. समोरच्याचा खांदा हलला की धोबीपछाड येणार हे त्याला कळतं, कळावंच लागतं. पंचाला मात्र घडून गेलेलंच पाहायचं असतं. मुरलेल्या पैलवानाला डाव ‘बसला’ असं पाठ टेकण्याआधीच दिसतं, आणि तिथेच घात होतो. माझ्या पैलवान मित्राने कुस्ती सुटण्याआधी निकाल दिला, तो याच नजरेने.

यावर तो म्हणतो, मातीतल्या कुस्तीला पंच म्हणून जुने वस्तादच असतात, कुठे बिघडतं? अरे, पण निकाली कुस्तीत पाठ लागलेली अख्ख्या जत्रेला दिसते. वस्ताद फक्त हात वर करतो. मॅटवर गुण आले, दोन्ही खांदे टेकले की नाही हा क्षणाचा प्रश्न आला. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत शेजारच्या खेडचा शिवराज राक्षे त्या क्षणावरून पंचावर लाथ उचलून बसला. दोनदा केसरी झालेला हा मल्ल तीन वर्षांसाठी निलंबित झाला.

मग यंत्र लावा, असं कुणी म्हणेल. आमच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात यंत्रच आहे. एकेक बारी सुटते, घड्याळावर सेकंद मोजले जातात. 2014 च्या बंदीनंतर 2021 अखेर न्यायालयाने शर्यतींना वाट दिली, तेव्हा घाट पुन्हा भरले आणि भांडणंही परतली. आता ती घड्याळ धरणाऱ्याच्या अंगठ्यावरून होतात. निर्णय माणसाचा असला की संशय चिकटतोच.

पूर्वी खेळणारे आणि पंच यांच्यातली भिंत इतकी पक्की नव्हती. 1930 च्या पहिल्या फुटबॉल विश्वचषकात रोमानियाचा प्रशिक्षक कॉन्स्टँटिन रादुलेस्कू इतर संघांच्या सामन्यांत लाइन्समन म्हणून झेंडा घेऊन धावत होता. आज हे ऐकून हसू येईल. पण ज्याने झेंडा धरलाय, तो दुसऱ्याच्या झेंड्यावर जरा बेताने ओरडत असेल.

इथे माझा मित्र आणि मी दोघेही हा प्रश्न उलट्या टोकाने धरून बसलो होतो असं वाटू लागतं. पंच खेळलेला असला म्हणून निकाल सुधारतो, याला आधार नाही. मागणी फिरवली तर? पंचाने खेळलेलं असावं याऐवजी खेळाडूने पंचगिरी केलेली असावी. तालमीतल्या पोराला दंड-बैठकांबरोबर महिन्यातून एकदा शिट्टी द्यावी. दोन मित्रांच्या कुस्तीत त्याला निकाल द्यायला लावावा आणि हरणाऱ्याच्या शिव्याही त्यालाच खाऊ द्याव्यात. त्याचे निकाल कदाचित चुकतील. पण पुढे एखाद्या मोठ्या मैदानात पंचाचा हात त्याच्याविरुद्ध वर गेला, तर पाय उचलण्याआधी तो अपील करेल. माझ्या मित्राला हे पटलेलं नाही. शिट्टी आधी त्याच्याच हाती द्यावी, असा माझा विचार आहे.