तीन कडवी आणि एक कापराची वडी

ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडने 1968 साली 'डार्क स्टार'ची रेकॉर्ड काढली, तेव्हा गाणं तीन मिनिटांच्या आत आटोपलं होतं. पुढच्याच वर्षी आलेल्या 'लाइव्ह/डेड' अल्बमवर ते तेवीस मिनिटं चालतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमधला 27 फेब्रुवारी 1969 चा तो कार्यक्रम. गाणं दरवेळी निराळं वाजे, म्हणून चाहते कार्यक्रम टेप करत. 1984 पासून बँडने त्यांना बसायला वेगळी जागाच दिली.

रेकॉर्ड आधी, मग मैफलीत तिची मोडतोड, हा रॉकचा रिवाज. जालना जिल्ह्याच्या सुपुत्राचं सर्वांत गाजलेलं गाणं मात्र उलट्या वाटेने आलं. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत 1608 साली जन्मलेले नारायण ठोसर म्हणजे समर्थ रामदास, आणि गाणं म्हणजे 'सुखकर्ता दुःखहर्ता'. मोरगावच्या मयूरेश्वरापुढे ते सुचलं असं मानतात. पहिलं ध्वनिमुद्रण होईपर्यंतची शतकं ही आरती फक्त 'लाइव्ह'च होती.

भोकरदन तालुक्यातल्या राजूरच्या गणपतीपुढे म्हणा किंवा गल्लीतल्या मंडळात, जो पहिला तोंड उघडतो त्याची पट्टी. ती बायकांना खालची, पोरांना वरची. झांज पुढे पळते, टाळ्या तिच्या मागे फरफटतात आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत लय भलतीच चढलेली असते. लांबी ठरवतो कापूर. तबक हाताला चटके देऊ लागलं की आरती आवरती घ्यायची. पुढे विठ्ठलाच्या आरतीत एकाच अक्षरावर दम धरायची चढाओढ लागते. गिटारवाल्याच्या सोलोपेक्षा ती काय वेगळी?

डेडचे वादक ठरवून दरवेळी निराळं वाजवत. आरती म्हणणाऱ्या प्रत्येकाची मात्र खात्री असते, की आपण आजीने शिकवली तश्शीच म्हणतोय. तरीही दोन गल्ल्यांचे उच्चार जुळत नाहीत आणि दर भाद्रपदात त्यावरून वाद रंगतो.

हा वाद लता मंगेशकरांच्या रेकॉर्डने मिटवला असं काहींना वाटतं. रेकॉर्ड गोड आहे, शंकाच नाही. पण मंडळात ती स्पीकरवर लागली की माणसं नुसत्या टाळ्या वाजवतात. लताबाईंच्या सुरात सूर मिसळायला धजणार कोण? शिवाय रेकॉर्डला कापूर दिसत नाही. इकडे वडी विझून तबक फिरायला लागतं, लोक हात पुढे करतात, आणि स्पीकर अजून दुसऱ्याच कडव्यावर असतो.