थोरली कास, धाकटा मान

मनुष्याच्या कामावरून त्याची किंमत ठरावी काय, असा प्रश्न आपणांपैकी कोणालाही विचारला तर उत्तर चटकन 'नाही' असे येईल. परमेश्वराने मनुष्याला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडविले, हे आपण लहानपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. तथापि हे उत्तर देणे जितके सोपे, तितके आचरणात आणणे सोपे नाही. ते का, हे समजून घेण्यासाठी आपल्या पणजोबांच्या गावाकडे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात नगर जिल्ह्यातील गावांचा व्यवहार बलुत्यावर चालत असे. सुतार नांगर घडवी, लोहार फाळाला धार लावी, कुंभार मडकी पुरवी, चांभार मोट शिवी. या कामाचे रोख पैसे नसत. सुगीच्या दिवसांत कुणब्याच्या खळ्यावर जाऊन प्रत्येकाने आपला धान्याचा वाटा आणायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे.

या वाट्याची प्रतवारी असे. तिला थोरली, मधली आणि धाकटी कास म्हणत. कास हा शब्द दुभत्या गाईचा. शेती ही गाय आणि बलुतेदार तिच्या दुधावर जगणारे, अशी त्यामागची कल्पना दिसते. गावागावांत यादी थोडीफार बदले. मोल्सवर्थच्या प्रसिद्ध मराठी कोशातील यादी मात्र आपल्याला विचार करावयास लावणारी आहे. तीत थोरल्या कासेत सुतार व लोहार यांच्या जोडीला महार आणि मांग आहेत. भट आहे तो धाकट्या कासेत!

याचा अर्थ काय? शेतीला कोणाच्या श्रमाची किती गरज आहे, हे गावाला पक्के ठाऊक होते. महार गावाची राखण करी, निरोप पोहोचवी, शिवेच्या तंट्यात त्याचा शब्द महत्त्वाचा मानला जाई. मांगाने वळलेल्या नाड्याशिवाय मोट वर येत नसे. खळ्यावर गाव हे सारे कबूल करीत होते. परंतु मान देण्याची वेळ आली की यादी उलटी होई. नाडा विहिरीत उतरे. तो वळणाऱ्या हाताला मात्र गावविहिरीचे पाणी शिवण्याची मनाई असे. नगर जिल्ह्यातील आपल्या अनेक कुटुंबांचे पूर्वज याच हातांचे धनी होते, हे विसरून चालणार नाही.

हा दोष केवळ आपल्याच मातीतला नव्हे. इंग्लंडमधील खेड्यांच्या धर्मग्रामांत १८१३ पासून स्नानसंस्काराच्या छापील नोंदवहीत बाळाच्या नावासोबत पित्याचा धंदाही लिहिला जाऊ लागला. लोहार, मोची, गवंडी, आणि पानोपानी शेतमजूर. साऱ्या धर्मग्रामाची भाकरी ज्याच्या घामातून येई, तो हाच शेतमजूर. पण १८३४ साली टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी घटत्या मजुरीविरुद्ध संघटना बांधली, तेव्हा गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून त्यांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्यात आले. पुढे लोकक्षोभामुळे १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. त्यांचे श्रम हवे होते, त्यांचा शब्द नको होता.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "ते काही असो, त्या काळी प्रत्येकाच्या पोटाची सोय होती." या म्हणण्यात तथ्यांश आहे. परंतु १८७६-७७ च्या दुष्काळासारख्या वर्षांत खळेच रिते राहिले की बलुतेही रिते राही. शिवाय जी सोय सोडून जाता येत नाही, ती बेडीच होय. १८७४ च्या कायद्याने वतनी चाकरीला सरकारी चौकट दिली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली त्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. दरम्यान मिशनच्या शाळांत सुतारकाम शिकविले जाऊ लागले, तेव्हा सुताराच्या घरी न जन्मलेला मुलगाही रंधा हाती धरू लागला. ही लहानशी गोष्ट नव्हती.

नाझरेथ गावानेही हीच चूक केली होती. प्रभू येशूची शिकवण ऐकून तेथील लोक प्रथम थक्क झाले. मग हा तर आपला सुतार, याची त्यांना आठवण झाली आणि त्यांची मने बंद झाली. त्याने केलेली जोखडे त्यांना चालत होती, त्याचे शब्द चालले नाहीत. परमगुरू लिओ तेरावे यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात कामगाराला न्याय्य वेतन मिळाले पाहिजे असे बजावले. परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली आणखी खोलवर जाऊन सांगितले की, श्रमाची प्रतिष्ठा कामाच्या प्रकारातून येत नाही. काम करणारी व्यक्ती आहे म्हणून ती येते.

आता मनमाड रस्त्यावरचे आपले नागापूर पाहू. येथे खळ्यांच्या जागी कारखाने आले. जन्माने धंदा ठरण्याऐवजी आय. टी. आय. मध्ये मुले फिटर, टर्नर, वेल्डर होतात. ही मुक्ती मोठी आहे. पण कारखान्याच्या फाटकाशी नवी प्रतवारी उभी आहे: पर्मनंट आणि कंत्राटी. पुष्कळदा दोघांचे काम एकच असते. स्थळ पाहताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "मुलगा पर्मनंट आहे ना?" मुलीच्या पित्याने तिच्या संसाराची काळजी करावी, यात गैर काहीच नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा कंत्राटी मुलाला घरात बसावयास सांगतानाही आपला आवाज बदलतो.

गावगाड्यातून शिकण्यासारखे हेच आहे की, नुसता वाटा वाढला म्हणजे मान आपोआप वाढत नाही. वेतनाचा न्याय कायद्याने आणि संघटनेने मिळवावा लागेल. मानाचा न्याय मात्र आपल्या हाती आहे. धर्मग्रामाच्या सभेत सफाई करणाऱ्या बांधवाचे मत विचारले जाते काय? सणाच्या समितीत कंत्राटी कामगाराचे नाव असते काय? येत्या १ मे रोजी, श्रमिक संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, मिस्साबलिदानातील अर्पणाची मिरवणूक कोणाच्या हातून वेदीपर्यंत जावी, याचा विचार प्रत्येक धर्मग्रामाने आताच करून ठेवावा.