विजेचं लाकूड

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा जुन्या हेमाडपंती मंदिरांसाठी ओळखलं जातं. तिथल्या एका घरात आठ दिवसांवर लग्न आलेलं आणि ऐन थंडीत गीझर बिघडला. पाणी कोमट होतंय तोच तो बंद पडायचा. लाईटचं काम करणाऱ्या पोरानं झाकण काढलं आणि सांगितलं, "दादा, थर्मोस्टॅट गेलाय. नवा जिंतूरहून आणावा लागंल."

"लग्नघरात जिंतूरला जायला कुणाला सवड आहे? डायरेक्ट करून दे. बटन आहेच की, पाणी तापलं की बंद करू."

पोरगा घुटमळला, पण त्यानं वायरी जोडून दिल्या. बटन स्वयंपाकघरात घेतलं, म्हणजे येता-जाता नजर राहील.

त्यानं काढून ठेवलेली ती थर्मोस्टॅटची कांडी हातात घेऊन बघण्यासारखी असते. बाहेरची धातूची नळी तापली की लांबते; आतली लोखंड-निकेलची सळई जवळपास तेवढीच राहते. दोघींमधल्या त्या केसाएवढ्या फरकानं वीज तुटते. उष्णतेनं जवळपास न वाढणारा हा मिश्रधातू शार्ल गीयोम यांनी १८९६ मध्ये शोधला. त्या कामाबद्दल त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वीज तोडायचं कांडीचं ते काम आता घरातल्या माणसांच्या आठवणीवर आलं.

आठवणीनं ते आठ दिवस चोख केलंही. पंधरा लिटरची टाकी, दोन हजार वॉटची कॉइल; वीस मिनिटांत अंघोळीजोगं पाणी. "बटन बंद केलं का?" हा सवाल दिवसातून दहादा घरात घुमायचा.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच लाईट गेली. पुण्याचे पाहुणे अंघोळीला खोळंबले. आली का, आली का, म्हणत प्रत्येकानं जाता-येता ते बटन खाली-वर करून पाहिलं. शेवटी दादा म्हणाले, "चला, तोवर गोकुळेश्वराचं मंदिर आणि बारव दाखवतो." घर रिकामं झालं. आजी तेवढ्या अंगणात उन्हाला बसून राहिल्या. बटन खालीच राहिलं होतं.

लाईट कधी आली ते आजींना कळलं नाही. तासाभरानं न्हाणीघरातून फुसफुस ऐकू आली. दारातून पाहिलं तर गीझरखालच्या व्हॉल्व्हमधून वाफ आणि उकळतं पाणी उडत होतं. आजी भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरात गेल्या आणि बटन वर केलं.

बंद टाकीतलं पाणी शंभर अंशांच्याही पुढं तापतं. टाकी फुटली तर त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. त्या दिवशी वाचवलं ते त्या पोरानं न छेडलेल्या व्हॉल्व्हनं.

संध्याकाळी बटन नेमकं कुणी खाली ठेवलं याची चौकशी सुरू झाली. सुनेवर बोट जाताच आजींनी हात वर केला.

"तिला बोलू नका. मी चाळीस वर्षं बंब पेटवला. शंभरदा विसरले असेन. लाकूड संपलं की जाळ आपोआप विझायचा. विसरलं तर पाणी थंड व्हायचं, दुसरं काय? ह्या विजेचं लाकूड संपतंय का? जे आपणहून थांबत नाही, त्याला थांबवणारं आधी काढून टाकलं कुणी?"

दादा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते जिंतूरला गेले. थर्मोस्टॅट काही शे रुपयांचा निघाला. नवा व्हॉल्व्हही त्यांनी सोबत आणला.

तुमच्याकडे कुणी "तात्पुरतं डायरेक्ट" करून दिलेला गीझर असेल, तर आज त्याचं बटन बंद करा आणि थर्मोस्टॅट बसेपर्यंत पाणी चुलीवर तापवा.